‘अर्थात’ रामटेक : स्थलवर्णनाची एक समीक्षा

मराठी समीक्षेने कादंबरी तपासली, कविता तपासली, प्रवासवर्णनही तपासले. देवळाच्या पायरीशी हारफुलांच्या दुकानात मिळणाऱ्या स्थळमाहितीच्या पुस्तिकेकडे मात्र तिने ढुंकून पाहिले नाही. चौकातला माहितीफलक, पर्यटनाचे घडीपत्रक, गडावर वाट दाखवणाऱ्याचे तोंडपाठ निवेदन, हे सारे लिखाणच आहे. त्यालाही लेखक असतो, वाचक असतो, निवड असते आणि गाळणीही असते. एखाद्या गावाबद्दल सर्वाधिक लोक जे वाचतात ते नेमके हेच असते. संशोधनपत्रिकेतला निबंध दोनशे माणसे वाचतील. गडावरचा फलक एका जत्रेत हजारो माणसांच्या डोळ्यांखालून जातो. म्हणून त्याला समीक्षेबाहेर ठेवणे मला परवडण्यासारखे वाटत नाही.

या लेखासाठी मी रामटेक निवडले, याला कारणे दोन. पहिले म्हणजे मी धंतोलीत राहतो, आणि नागपूरकराला ‘कुठेतरी जाऊन येऊ’ म्हटले की जी दोन-तीन नावे सुचतात त्यांत रामटेक हमखास असते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. एका टेकडीबद्दल दीड हजार वर्षे सतत लिहिले गेले आहे, अशी गावे महाराष्ट्रात थोडीच. वाकाटकांचा ताम्रपट, यादवांचा शिलालेख, महानुभावांचा आद्य गद्यग्रंथ, विसाव्या शतकातले संशोधन आणि आजचे पत्रक, अशी सारी लिखाणे एकाच डोंगराभोवती गोळा झाली आहेत. ती शेजारी शेजारी ठेवून वाचली तर स्थलवर्णन चांगले कधी होते आणि पोकळ कधी होते, हे समजायला सोपे जाते.

मी संस्कृतचा पदवीधर नाही आणि पुरातत्त्वाचाही नाही. महालातल्या एका दुकानात हिशेब लिहिण्यात माझी बरीच वर्षे गेली. संशोधन मी ग्रंथालयांत बसून, पुस्तकांनाच विचारत शिकलो. हिशेबाच्या वहीने मला एक सवय लावली : रक्कम दिसली की ती कुठून आली हे विचारायचे. पुढचे सारे विवेचन त्याच सवयीचे आहे.

तीन तासांचे रामटेक

आजचा पाहुणा रामटेक कसे पाहतो ते आधी सांगू. नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याने निघायचे, मनसरला वळायचे, आणि पन्नासेक किलोमीटरच्या प्रवासानंतर गाडी थेट टेकडीवर चढवायची. गडमंदिरात राम-लक्ष्मणाचे दर्शन घ्यायचे, माकडांपासून प्रसाद वाचवायचा, कालिदास स्मारकात भिंतींवरची चित्रे पाहायची, तटावरून खालच्या गावाचे फोटो काढायचे. मग खिंडसीच्या तलावावर नावेत एक फेरी, तिथेच जेवण, आणि दिवेलागणीला परत. वेळ हाताशी असेल तर शांतिनाथाचे जैन मंदिर. ज्यांना वाघ पाहायचा ते रामटेकला उभेही राहत नाहीत, पुढे पेंचकडे निघून जातात.

या सहलीत वाईट काही नाही. लोकांनी मोकळ्या हवेत यावे, नावेत बसावे, पोरांना माकडे दाखवावीत. हरकत घ्यायची तर एवढीच, की या तीन-चार तासांत पाहुणा जे पाहत नाही ते त्याने ठरवून टाळलेले नसते. ते तिथे आहे हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. गाडी ज्या उतारावरून भर्रकन पुढे जाते तिथेच महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या उभ्या देवळांपैकी दोन आहेत : केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह. पाचव्या शतकातल्या वाकाटकांच्या या देवळांत लाल दगडाचे दोन प्रचंड नरसिंह बसले आहेत. मांडीवर हिरण्यकशिपू नाही, फाडलेले पोट नाही. हातात चक्र घेऊन, एक गुडघा उभा करून देव निवांत बसला आहे. ‘केवल’ या नावाचा अर्थ मूर्तीसमोर उभे राहिले की आपोआप कळतो. असा नरसिंह पाहिला नसेल तर रामटेकचे सर्वांत जुने आणि सर्वांत अनोखे शिल्प आपण पाहिले नाही. पण त्यासाठी गाडीतून उतरावे लागते, आणि उतरा असे सांगणारे लिखाण हवे.

तेराव्या शतकातला माहितीफलक

असे लिखाण रामटेकवर एकेकाळी होते, आणि ते दगडात होते. गडावरच्या लक्ष्मणाच्या मंदिरात यादव राजा रामचंद्राच्या काळातला, म्हणजे तेराव्या शतकाच्या अखेरच्या सुमाराचा संस्कृत शिलालेख आहे. तो बराच झिजला आहे. आरंभी राजवंशाची स्तुती आहे, जी अशा लेखांत असतेच. वेगळेपण पुढच्या भागात आहे. तिथे टेकडीवरची देवस्थाने आणि भोवतालची तीर्थे एकामागून एक सांगितली आहेत. टेकडीची सिंदूरगिरी आणि तपंगिरी ही नावे त्यात येतात. नरसिंह, वराह, भोगराम हे आजही दाखवता येणारे देव त्यात ओळखू येतात.

मी या लेखाला रामटेकची पहिली मार्गदर्शिका म्हणतो. तिच्यातला पुण्याचा हिशेब आज आपल्याला पटो वा न पटो, रचनेची दृष्टी मात्र शिकण्यासारखी आहे. एक तर ती मोठ्या देवळापाशी थांबत नाही. गाभारा सांगून झाल्यावर ती वाचकाला डोंगरभर हिंडवते, खाली पाण्यापर्यंत नेते. दुसरे म्हणजे ती अडचणीची गोष्ट गाळत नाही.

ती अडचणीची गोष्ट शंबूकाची. तप केले म्हणून रामाच्या हातून मारला गेलेला शूद्र तपस्वी, ही उत्तरकांडातली कथा सर्वांना ठाऊक आहे. ती घडली ती जागा म्हणजे हीच टेकडी, असे रामटेकची परंपरा सांगते. मरताना शंबूकाने रामाला इथेच राहण्याचा वर मागितला आणि तो स्वतः लिंगरूपाने इथे राहिला, अशी कथा आहे. यादवांच्या लेखात हे लिंग धूम्राक्ष या नावाने येते. लोक त्याला धूम्रेश्वर म्हणतात. म्हणजे रामटेकचा ‘राम’ इथे का थांबला याचे स्थानिक उत्तर शंबूकाच्या मागणीत आहे. तो वगळला तर टेकडीच्या नावाचा अर्धा खुलासाच जातो.

विदर्भाशी ज्याच्या कुळाचा संबंध होता त्या भवभूतीने आपल्या उत्तररामचरितात हाच प्रसंग घेतला आहे. त्याचा राम शस्त्र उचलताना अडखळतो, स्वतःच्या हातालाच दोष देतो. आठव्या शतकातल्या नाटककाराला ही कथा सांगताना अवघडल्यासारखे झाले, तेराव्या शतकातल्या लेखकाने ती दगडात नोंदवली. आज माझ्याजवळ रामटेकवरच्या ज्या लहानमोठ्या पुस्तिका आहेत, त्यांतल्या बहुतेकींत शंबूक नाही. असलाच तर एका ओळीत, ‘एका तपस्व्याचा उद्धार’ अशा मोघम शब्दांत. ज्या नागपुरात 1956 साली बाबासाहेबांनी धर्मांतर केले, तिथून तासा-दीड तासाच्या वाटेवरच्या गडाने शंबूकाचे नाव पुसट करावे, ही साधी विसराळूपणाची गोष्ट मला वाटत नाही. पाहुण्याला अस्वस्थ करू नये, हे पर्यटनाच्या लिखाणाचे पहिले व्याकरण झाले आहे. यादवांच्या लेखकाला हे व्याकरण माहीत नव्हते, ही त्याची थोरवी.

निघून जाण्याचे काव्य

रामटेकची आजची कीर्ती मात्र शिलालेखावर उभी नाही. ती मेघदूतावर उभी आहे. आषाढाच्या पहिल्या दिवशी कालिदास दिन साजरा होतो, टेकडीवर कवीचे स्मारक आहे, 1997 साली स्थापन झालेले कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ रामटेकलाच आहे. एका काव्याने गावाला एवढे दिले, अशी उदाहरणे थोडी.

पण मेघदूत स्थलवर्णन म्हणून वाचले तर एक गंमत दिसते. पूर्वमेघ हा बहुतांशी वाटेचा तपशील आहे. कुठे विसावा घ्यायचा, कोणत्या नदीचे पाणी प्यायचे, कुठे वाट वाकडी झाली तरी चालेल पण जायचेच, असे यक्ष मेघाला सांगत राहतो. उज्जयिनी वाटेत नाही हे तो स्वतः कबूल करतो आणि तरीही तिचा आग्रह धरतो. चांगल्या वाटाड्याची ही लक्षणे आहेत : त्याला क्रम ठाऊक आहे, अंतर ठाऊक आहे, प्रवाशाची ताकद ठाऊक आहे, आणि स्वतःचे प्रेम तो लपवत नाही.

या सगळ्यात रामगिरी किती? फार थोडा. दाट सावलीच्या झाडांतले आश्रम, जानकीच्या स्नानाने पवित्र झालेले पाणी, रघुपतीच्या पावलांच्या खुणा, एवढ्यावर कवी आटोपतो. पाहण्याची स्थळे पुढे आहेत : विदिशा, उज्जयिनी, कैलास, अलका. रामगिरी ही शिक्षेची जागा आहे. यक्षाचे आठ महिने इथे गेले आहेत, तो वाळला आहे, हातातले कडे गळून पडले आहे आणि त्याचे सगळे चित्त इथून निघण्यात आहे. ज्या काव्याचा नायक टेकडीवर राहायला तयार नाही, त्या काव्याच्या आधारे आपण लोकांना टेकडीवर बोलावतो!

यात विसंगती असली तरी ती वाया घालवण्यासारखी नाही. स्मारकाच्या भिंतींवर कालिदासाच्या नाटकांतले प्रसंग रंगवले आहेत. शकुंतला आणि दुष्यंत कुठल्याही गावी रंगवता येतील. जे फक्त याच डोंगरावर दाखवता आले असते ते म्हणजे वाट. तटावर उभे राहून उत्तरेकडे बोट करावे आणि सांगावे की नर्मदा त्या बाजूला, त्यापलीकडे विदिशा, मग पश्चिमेला वळून उज्जैन. पावसाळ्यात ढग डोळ्यांदेखत सरकत असताना एवढे सांगितले तर संस्कृतचे अक्षर न येणाऱ्या माणसालाही मेघदूत कळेल. चिपळूणकरांपासून शांता शेळक्यांपर्यंत कितीतरी मराठी लेखकांनी या काव्याचा अनुवाद केला. टेकडीने त्याचा दिशादर्शक अनुवाद करायला हवा होता.

मिराशींचा ‘अर्थात’

रामगिरी म्हणजे रामटेक, हे समीकरण पक्के केले ते महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी. ‘मेघदूतातील रामगिरि अर्थात् रामटेक’ हे त्यांचे पुस्तक 1959 साली निघाले. शीर्षकातला ‘अर्थात्’ हा शब्द पुन्हा वाचावा असा आहे. संस्कृतात त्याचा रोख ‘म्हणजेच’ असा. बोलत्या मराठीत त्याला आणखी एक छटा आहे : ‘उघडच आहे, त्यात विचारायचे काय?’ मिराशींनी पहिल्या अर्थाने तो वापरला आणि त्याला पुराव्याचा आधार दिला. त्यांच्यानंतरच्या लेखकांनी दुसरा अर्थ उचलला आणि पुरावा खाली ठेवला. रामटेकवरच्या आजच्या लिखाणाची सगळी कथा या एका शब्दाच्या घसरणीत आहे.

मिराशींची मांडणी थोडक्यात अशी. मल्लिनाथाने रामगिरी म्हणजे चित्रकूट असे म्हटले. पण चित्रकूट नर्मदेच्या उत्तरेला आहे. तिथून निघालेल्या आणि उत्तरेकडे जाणाऱ्या मेघाला नर्मदा लागणारच नाही, आणि काव्यात तर ती लागते. दुसरा दावेदार म्हणजे छत्तीसगडातल्या सरगुजाचा रामगढ. पण तोही नर्मदेच्या उगमाच्या दक्षिणेला पडत नाही, पूर्वेला पडतो. रामटेक मात्र नर्मदेच्या दक्षिणेला आहे. त्यात भर म्हणजे वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता. दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही मुलगी, दुसऱ्या रुद्रसेनाची राणी. पतीच्या मृत्यूनंतर लहान मुलांच्या वतीने तिने राज्य चालवले. ऋद्धपूरला सापडलेला तिचा ताम्रपट रामगिरिस्वामीच्या पायांपाशी दिला गेला आहे. तिची राजधानी नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचे आजचे नगरधन. काव्यात डोंगरावर पावलांच्या खुणा, ताम्रपटात त्याच नावाच्या डोंगरावर देवाचे पाय. यापुढे परंपरा अशी, की ‘सेतुबंध’ हे प्राकृत काव्य प्रभावतीचा मुलगा प्रवरसेन याचे, आणि त्याचा सोळाव्या शतकातला टीकाकार रामदास त्यात कालिदासाचा हात पाहतो.

ही साखळी पाहिली की तिची ताकद कळते, आणि कडी कुठे बारीक आहे तेही कळते. ताम्रपटाने एवढे सिद्ध होते की पाचव्या शतकात रामटेकला रामगिरी म्हणत आणि तिथे मोठे वैष्णव देवस्थान होते. नगरधनला 2015 ते 2018 या काळात झालेल्या उत्खननात प्रभावतीगुप्तेच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली, तेव्हा ही बाजू आणखी बळकट झाली. केवल नरसिंहाच्या देवळात चुन्याच्या थरांखालून वाकाटकांचा लेख उघडा झाला, त्यानेही या घराण्याचा आणि टेकडीचा संबंध पक्का झाला. पण कालिदासाच्या मनात हाच रामगिरी होता, हे यातल्या कोणत्याही वस्तूवर लिहिलेले नाही. तो अनुमानाचा भाग आहे. अनुमान सशक्त आहे, मला ते पटतेही. तरी काव्यातला आम्रकूट म्हणजे अमरकंटक धरला तर रामटेकहून निघालेल्या मेघाला आधी बरेच पूर्वेला जाऊन मग पश्चिमेला वळावे लागते, ही अडचण उरतेच. टीकाकाराचे म्हणणे तर कवीनंतर हजार वर्षांनी आलेले. आणि रामगढलाही आषाढातच महोत्सव होतो. दोन डोंगर, एक काव्य.

यावर एक आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. लोक सहलीला येतात, त्यांना वादात काय रस? गावाचा फायदा ज्यात आहे ते ठासून सांगावे. आक्षेप प्रामाणिक आहे, कारण हारवाल्याचे, नाववाल्याचे, हॉटेलवाल्याचे पोट पाहुण्यावर आहे. पण तो व्यवहारातही टिकत नाही. ‘इथे कालिदासाने मेघदूत लिहिले’ हे वाक्य ऐकायला अर्धे मिनिट लागते, आणि त्यानंतर पाहुण्याला करण्यासारखे काही उरत नाही. ‘हा तो रामगिरी असेल का, चला पाहू’ असे म्हटले की त्याला पावलांच्या खुणा शोधाव्या लागतात, नगरधनचा किल्ला पाहावा लागतो, मनसरच्या टेकडीवर जावे लागते. मनसरचे उत्खनन तर वादाचे भांडारच आहे. कोणी तिथे प्रवरसेनाचे प्रवरेश्वर देवालय पाहतो, कोणी बौद्ध वास्तू आणि नागार्जुनाचे स्मरण. तिथून मिळालेली शिवगणाची लाल दगडातली अप्रतिम मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. वाद उघडा ठेवला तर तीन तासांची सहल दोन दिवसांची होते, आणि गावात मुक्कामाला माणूस राहतो. निश्चिती स्वस्त पडते, पण ती पाहुण्याला लवकर घरी पाठवते.

विशेषणांचा गुलाल

आता आजची पुस्तिका वाचू. कोणा एकाची नावानिशी झडती घेण्याची गरज नाही. त्या एकमेकींसारख्या आहेत. तीन विशेषणे सर्वांत भेटतात : ‘अतिप्राचीन’, ‘निसर्गरम्य’ आणि ‘जागृत’. या तिन्हींचा दोष एकच. ती कुठल्याही गावाला लावता येतात.

‘अतिप्राचीन’ने सगळे काळ एका पोत्यात जातात. रामटेकचे मोठेपण थरांत आहे. वाकाटकांची देवळे पाचव्या शतकातली. यादवांचा लेख आणि कापूर बावडीसारखी बांधकामे त्यांच्यानंतर सात-आठशे वर्षांनी. आज दिसणारा गड, त्याची डागडुजी आणि वैभव यांचा मोठा वाटा अठराव्या शतकातल्या नागपूरकर भोसल्यांचा. स्मारक आणि विद्यापीठ विसाव्या शतकातले. वराह, सिंहपूर, भैरव, गोकुळ अशा दरवाजांतून आत जाताना माणूस या थरांतून चालत असतो. वराहाच्या एकसंध मूर्तीच्या पोटाखालून सरपटत जाणारी पोरे भोसल्यांच्या गडात वाकाटकांच्या मूर्तीशी खेळत असतात! हे एका वाक्यात सांगता येते. ‘अतिप्राचीन’ म्हटले की सांगावेच लागत नाही.

‘निसर्गरम्य’ने पाणी आणि कष्ट दिसेनासे होतात. खिंडसी हा सिंचनासाठी बांधलेला तलाव आहे. त्याच्या पाण्याशी खालच्या धानाच्या बांध्यांचे नाते आहे. नावा नंतर आल्या. अंबाळा तलावाचे घाट आणि देवळ्या पाहून फोटो काढणाऱ्याला त्याच घाटावर कोणीतरी बापाच्या अस्थी घेऊन आलेला असतो, याचे भान पुस्तिका देत नाही. रामटेकचे नाव एकेकाळी पानांसाठी घेतले जाई. बारई मंडळींचे पानमळे, त्यांची सावली, त्यांचे पाणी, ही या डोंगराच्या पायथ्याची खरी बागाईत संस्कृती. तिचा उल्लेख करायला पुस्तिकेत जागा नसते, कारण ती जागा ‘रम्य’ने अडवलेली असते.

आणि ‘जागृत’ने प्रश्न झोपतात. शंबूक तिथेच झोपतो.

घर सोडण्याचे निमित्त

मराठी भाषेचा या टेकडीशी एक जुना आणि जिव्हाळ्याचा धागा आहे, जो पर्यटनाच्या लिखाणात जवळजवळ कुठेच नाही. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात सिद्ध केलेल्या लीळाचरित्रात चक्रधरांचे पूर्वायुष्य येते. गुजरातेतल्या प्रधानाचा हा मुलगा हरिपाळदेव घर सोडतो ते रामयात्रेचे, म्हणजे रामटेकला जाण्याचे निमित्त सांगून. वाटेत ऋद्धपूरला त्याला गोविंदप्रभू भेटतात, आणि पुढचा इतिहास बदलतो. पुढे चक्रधर रामटेकला राहिल्याची आठवण महानुभाव पंथ जपतो. भोगरामाचे देऊळ त्यांना त्यासाठीच प्रिय आहे.

हे वाचताना दोन गोष्टी लक्षात येतात. प्रभावतीचा रामगिरिस्वामीच्या पायांपासचा ताम्रपट जिथे सापडला ते ऋद्धपूर आणि चक्रधरांना गुरू भेटले ते ऋद्धपूर एकच. आज मराठी भाषेचे विद्यापीठ आहे तेही त्याच गावी. म्हणजे रामटेक आणि ऋद्धपूर ही वाट दीड हजार वर्षांत निदान दोनदा निर्णायक ठरली आहे. ती जोडून दाखवणारी एखादी सहल कोणी आखली, तर ती मराठीच्या जन्मकथेची सहल होईल.

दुसरी गोष्ट अशी, की ‘रामटेकला जाऊन येतो’ हे वाक्य तेराव्या शतकातही घरच्यांना पटण्यासारखे निमित्त होते. सहल ही काही आपल्या काळाची नवलाई नाही. माणसे पूर्वीही निघत, आणि निघताना सांगितलेले कारण आणि वाटेत गवसलेली गोष्ट यांत अंतर पडे. यक्षाला टेकडी सोडायची होती, हरिपाळदेवाला टेकडीच्या नावाने घर सोडायचे होते. मेघदूत आणि लीळाचरित्र या दोन ग्रंथांनी रामटेकला जे दिले ते कोणत्याही विशेषणाने देता येणार नाही : जाण्याचे आणि निघण्याचे खरे कारण.

तीन कसोट्या

या वाचनातून स्थलवर्णनाच्या समीक्षेसाठी मला तीन कसोट्या सुचतात. लिखाण वाट सांगते का? काळ वेगळे ठेवते का? वाद उघडा ठेवते का?

यादवांचा शिलालेख पहिल्या कसोटीला उतरतो. अडचणीची कथा न गाळल्याबद्दल त्याला तिसरीतही गुण द्यावे लागतात. मेघदूत वाटेच्या बाबतीत अजोड आहे. मिराशींचे पुस्तक दुसऱ्या आणि तिसऱ्या कसोटीला भक्कम उतरते, कारण विरोधकाचे म्हणणे मांडल्याशिवाय ते पुढे जात नाही. शीर्षकात निश्चिती असूनही आत वाचकाला ताळा करून पाहायची सोय आहे. आजची पुस्तिका तिन्हींत नापास होते, आणि याचा दोष ती लिहिणाऱ्या गरीब लेखकापेक्षा आपल्या समीक्षेकडे अधिक जातो. ज्या लिखाणाला कोणी वाचक म्हणून प्रश्न विचारत नाही, ते लिखाण सुधारणार कसे?

काम तसे मोठे नाही. अंबाळ्यापासून गडापर्यंत पायऱ्यांची वाट धरून आठ-दहा छोटे फलक पुरतील. प्रत्येकावर शतक ठळक लिहावे. धूम्रेश्वरापाशी शंबूकाची कथा भवभूतीच्या अवघडलेपणासह लिहावी. नरसिंहाच्या उतारावर ‘इथे उतरा’ एवढे दोन शब्द लिहावेत. आणि तटावर एक दिशादर्शक बाण असावा, ज्याच्याखाली ‘रामगिरी हाच का?’ असा प्रश्न असेल, आणि बाजूने-विरुद्ध दोन-दोन ओळी.

शेवटी एक तारखेची गोष्ट, जी या दिवाळी अंकाच्या वाचकांना उपयोगी पडेल. मेघदूतातली एकच तिथी आपण साजरी करतो, आषाढाचा पहिला दिवस. काव्यात आणखी एक तिथी आहे. शेषशय्येवरून विष्णू उठेल तेव्हा माझा शाप संपेल, उरलेले चार महिने काढ, असा निरोप यक्ष बायकोला पाठवतो. ती तिथी म्हणजे कार्तिकी, प्रबोधिनी एकादशी. आषाढ प्रतिपदेपासून मोजले तर चार महिने आणि दहा दिवस होतात. हा फरक जुन्या टीकाकारांनाही खटकला, आणि ‘प्रथम’च्या जागी ‘प्रशम’ असा पाठ घेऊन आषाढाचा शेवट समजणारेही त्यांत होते. तो वाद राहू द्या. महत्त्वाचे हे, की विरहाच्या सुरुवातीचा उत्सव आपण करतो, सुटकेचा करत नाही.

रामटेकच्या लोकांनी मात्र, कोणी न सांगता, आपली जत्रा नेमकी तिथे ठेवली आहे. एकादशीनंतर चारच दिवसांनी त्रिपुरी पौर्णिमा येते. गडावर त्रिपूर उजळतो, आसपासच्या खेड्यांतली माणसे डोंगर चढून येतात. त्यांना मेघदूत ठाऊक असो वा नसो, यक्षाला मोकळे होऊन जेमतेम चार दिवस झालेले असतात. फराळ आटोपला की इतवारी स्टेशनवरून रामटेकची गाडी धरावी, अंबाळ्यापासून पायऱ्यांनी वर जावे आणि त्या उजेडात टेकडी पाहावी. जमल्यास रात्री तिथेच राहावे.